मुंगीचा हात

नर्सबाईंची स्कूटर बांधावरून घसरत घसरत भट्टीपाशी आली, तेव्हा वावटळ टाकीत उभी राहून गवत तुडवत होती. तेलाचं सुगंधी गवत टाकीत नुसतं टाकून भागत नाही. ते पायांनी दाबून, कडेकडेनं ठासून बसवावं लागतं. नाहीतर वाफ मधल्या मधे वाट काढते आणि तेल पातीतच राहून जातं. टाकीच्या काठावर तिचं फक्त डोकं दिसत होतं, घामानं निथळणारं.

"बाहेर ये," नर्सबाई म्हणाल्या. "बोलायचंय."

"बोला की. कान बाहेरच आहेत."

"मुंगीच्या हाताचं ऑपरेशन होऊ शकतं. भाजलेल्यांसाठी बाहेरचे डॉक्टर शहरात आलेत. उद्या तपासतायत."

वावटळ टाकीतून कशी बाहेर आली ते तिलाच कळलं नाही. गुडघा पत्र्याला खरचटला, एक चप्पल गवतातच राहिली, आणि ती तशीच एका पायात चप्पल घालून वहिनीला हाका मारत घराकडे सुटली. तिला वावटळ म्हणत ते काही उगीच नाही. लहानपणापासून तिला चालणं असं माहीतच नव्हतं. लग्न मोडून भावाच्या घरी परत आली तीही पळतच, असं गावातले लोक म्हणत, आणि ती स्वतः त्यात भर घालायची, "वाटेत थांबले असते तर पकडून परत नेलं असतं ना."

घर म्हणजे दादा, वहिनी, त्यांची लेक मुंगी आणि ही आत्या. दादा मालकाच्या मळ्यातल्या भट्टीवर तेल काढायचा. लोखंडी टाकी, तळाला पाणी, वर ठासलेलं गवत आणि खाली जाळ. वाफ नळीतून थंड पाण्याच्या हौदात जायची, तिथं निवून पाणी आणि तेल होऊन दुसऱ्या टोकानं डब्यात ठिबकायची. गवत निघालं की सगळं घर त्यात. सगळ्यांच्या अंगाला, कपड्यांना, अंथरुणालासुद्धा तोच वास.

एक खेप संपली की तळातलं कढत पाणी चरातून खड्ड्यात सोडतात. दोन वर्षांपूर्वी मुंगी कोंबडीच्या पिलामागं धावत त्या चरापाशी गेली आणि पाय घसरून त्यात उजव्या कुशीवर पडली. दादानं त्याच पाण्यात उडी मारून तिला वर काढलं. त्याच्या नडग्यांवर अजून डाग आहेत. मुंगी वाचली, जखमा भरल्या, पण भरताना कातडी आवळत गेली. उजवा दंड कुशीला चिकटला. बगलेपासून कोपरापर्यंत जाड, चकचकीत पडदा तयार झाला, बदकाच्या बोटांमधे असतो तसा. पेला तोंडाशी न्यायचा तर हात वर यायचा नाही, तोंडच खाली न्यावं लागायचं. मुंगीनं त्याचाही खेळ केला होता. कुणी विचारलं, बगलेत काय लपवलंयस, की म्हणायची, "सांगितलं तर मागशील."

संध्याकाळी बातमी ऐकून दादानं मान हलवली. होकाराची नव्हे.

"बरी आहे आता ती. बऱ्या लेकराला पुन्हा चिरायचं?"

"बरी?" वावटळ म्हणाली. "केसांतून फणी फिरवून दाखव म्हणावं तिला."

दादा का नको म्हणतो हे वहिनीला आणि तिला, दोघींनाही ठाऊक होतं. भाजली त्या दिवशी भिजलेल्या चादरीत लेकीला धरून तो शहरातल्या इस्पितळाच्या खिडकीपाशी उभा होता, आणि आतला माणूस सगळ्यांदेखत म्हणाला होता, "पोर सांभाळता येत नाही तर जन्माला घालता कशाला?" दादा तसाच उभा राहिला, बराच वेळ. कुणी बस म्हटलं नाही. तेव्हापासून त्यानं त्या पायऱ्या चढल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि वावटळच मुंगीला त्या इस्पितळात घेऊन गेल्या.

सर्जनबाई उंच होत्या, इतक्या की मुंगी आधी आत्याच्या मागं लपली. पण बाई येऊन सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या.

"मला छत दाखव बघू."

मुंगीनं डाव्या हातानं दाखवलं.

"आता या हातानं."

मुंगीनं सगळं अंग वाकडं केलं, एका पायाच्या चवड्यावर उभी राहिली, डोकं खांद्याला टेकवलं. हात कुशीपासून वीतभरही सुटला नाही. बाईंनी तो पडदा दोन बोटांत धरून पाहिला, कोपर, मनगट, मान सगळं हलवून पाहिलं, आणि वहिनीकडे वळल्या.

"हा सुटेल. चिकटलेलं मोकळं करायचं आणि उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची पातळ कातडी बसवायची. पण जास्त थांबू नका. हाड वाढतंय, ही कातडी वाढत नाही. हात वाकडाच वाढेल."

"मांडीची कातडी?" मुंगीनं विचारलं.

"थोडीशी उसनी घेणार."

"परत कधी देणार?"

"परत नाही देणार. मांडीला नवी येते."

"मग उसनी कुठं? ती तर चोरी झाली."

सर्जनबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. वावटळीला वाटलं, झालं, आता हिला आत नेतील आणि उद्या हात वर. तेवढ्यात रक्ताचा कागद आला आणि बाईंचं हसू मावळलं.

"रक्त फार कमी आहे. अशा अंगावर सुरी लावता येणार नाही. आम्ही महिन्यानं परत येतोय, चारच दिवस. तोवर रक्त वाढवा. ताप नको, खोकला नको. वाढलं तर पहिल्याच दिवशी हिला घेते."

परत येताना बसमधे वहिनी खिडकीबाहेर बघत होती. वावटळ मात्र जागेवर बसूच शकत नव्हती. "वाढवा म्हणाल्या ना? मग वाढवू. रक्तच आहे, डोंगर नाही."

त्या दिवसापासून घरात मुंगीचं रक्त हाच एक विषय. अंडी, पालेभाजी, बीट, खजूर. मुंगीला अंड्याचा पिवळा भाग आवडायचा नाही. ती तो गालात धरून ठेवायची आणि आत्याची पाठ फिरली की कुत्र्याला द्यायची. कुत्रा आठवड्यात असा तुकतुकीत झाला की वावटळीला संशय आला. मग जेवताना ती मुंगीच्या समोर मांडी ठोकून बसायला लागली.

"गिळलंस? आ कर."

"आ."

"जिभेखाली?"

लोहाच्या औषधानं दात काळे पडले, तर मुंगी ते दात शाळेत सगळ्यांना विचकून दाखवून आली. नर्सबाई खालची पापणी ओढून आतला रंग बघायच्या, फिकट का लाल. ते वावटळीनं उचललं. सकाळी उठल्या उठल्या आधी मुंगीची पापणी, मग वहिनीची, मग स्वतःची आरशात. एकदा शेळीचीही बघितली. दादानं मान वळवून हसू लपवलं, पण नंतर तोही अंगणात मुंगीला उजेडात उभी करून पापणी बघताना दिसला. वावटळ दारातून मागं सरकली.

महिना भरत आला आणि वारं सुटलं. कोरडं, गरम, दिवसभर घोंगावणारं. उभं गवत टोकांकडून करपायला लागलं. मालक मळ्यात फिरून आला आणि म्हणाला, सगळं कापा. दोन दिवसांत भट्टीशेजारी गवताचे ढीग लागले, घराएवढे. ढिगातलं गवत आतून तापतं. हात घातला तर भाजावा इतकं. वेळेत टाकीत गेलं नाही तर काळं पडतं, मग तेलही नाही आणि काही नाही. मालकानं बजावलं, "ढीग संपेपर्यंत जाळ विझता कामा नये. विझला तर पुढच्या हंगामाला मी दुसरा माणूस बघतो."

नेमक्या त्याच दिवसांत सर्जनबाईंची फेरी होती. आणि मुंगीचं रक्त वाढलेलं होतं. नर्सबाई स्वतः तपासून सांगून गेल्या होत्या, "भरलं. उद्या घेऊन या. बाप हवा बरोबर, सही लागेल, वेळ पडली तर रक्तही."

दादा भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसून जाळ सारत होता. वावटळ आणि वहिनी समोर उभ्या.

"या खेपेला राहू दे," तो जाळाकडे बघत म्हणाला. "पुढच्या वेळी ते येतील तेव्हा नेऊ."

"पुढच्या वेळी ती एवढीच राहणार आहे का?" वहिनी म्हणाली. त्या अपघातापासून वहिनी भट्टीच्या जवळ फिरकत नसे, जेवणसुद्धा लांब झाडाखाली ठेवून जाई. आज ती चर ओलांडून आली होती. "हाड वाढतंय तिचं. बाई काय म्हणाल्या सांगितलं होतं ना तुम्हाला."

"मग भट्टी कोण बघणार?"

"मी," वावटळ म्हणाली.

"एकटी?"

"गवत उचलायला माणसं आहेत. तोंड चालतं तेवढेच हात चालतात माझे." ती त्याच्या बाजूला बसली. आवाज खाली आणला. "दादा, खरं सांग. भट्टीसाठी थांबतोयस की त्या पायऱ्यांसाठी?"

दादानं बराच वेळ काटक्या मोडल्या.

"मला तिथं उभं राहवत नाही गं."

"मग बस. बाकं आहेत तिथं."

त्याची मान वर आली. रागानं बघितलं, मग कसंबसं हसला, आणि डोळे पुसले. धूर होता, पुसायला निमित्त होतं.

पहाटे दूधवाल्याच्या गाडीतून तिघं निघाली. मुंगी पुढं, ड्रायव्हरशेजारी, आईच्या मांडीवर. उपाशी न्यायचं होतं म्हणून ती फुरंगटली होती, पण गाडी सुरू झाल्यावर भोंगा वाजवायला मिळाला आणि सगळं विसरली. गाडी वळणाआड गेली तरी भोंगा ऐकू येत होता.

मग वावटळीचा दिवस सुरू झाला. टाकी भरा, तुडवा, झाकण बसवा, कडेच्या फटी ओल्या मातीनं लिंपा, जाळ लावा. हौदातलं पाणी कोमट झालं की थंड सोडा, नाहीतर वाफ निवत नाही आणि तेल हवेत जातं. डबा भरला की बदला. आणि या सगळ्यात फोन. फोनला भट्टीपाशी रेंज नसायची. ती यायची फक्त वरच्या खडकावर. वावटळीनं फोन तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा खडकावर नेऊन ठेवला होता. वाजला की डबा असा खणखणायचा की मळ्याच्या पलीकडेही कळावं.

पहिल्यांदा खणखणला तेव्हा ती खडक चढून गेली ती दातांत ओढणीचं टोक धरूनच. वहिनी होती.

"वजन केलं. रक्त चांगलं आहे म्हणाल्या. कपडे बदललेत तिचे, हिरवे. झबल्यासारखे. मागून उघडे आहेत म्हणून भांडतेय."

"भांडू दे. भांडतेय म्हणजे ठीक आहे."

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा वहिनीचा आवाज बारीक झाला होता. "नेलं आत. दारापर्यंत हे गेले. आता आत नेलं."

"किती वेळ?"

"माहीत नाही. मी ठेवते."

खाली आल्यावर वावटळीला हात कुठं ठेवावे कळेना. तिनं ढिगातून नको तेवढं गवत ओढलं, नको तिथं झाडलं. गवत उचलणाऱ्यांना दोनदा तेच काम सांगितलं. डब्यात पाण्यावर तेलाचा पिवळा थर जमत होता, नळीच्या टोकाला थेंब फुगायचा, लोंबायचा, पडायचा. तिला वाटलं, तिथं आत आत्ता सुरी लागली असेल. आत्ता.

अशात मालक आला. पांढरा धुतलेला शर्ट, पांढरे बूट, हातात रुमाल. गवत उचलणारी माणसं जेवायला गेली होती.

"तो कुठाय?"

"शहरात. पोरीचं ऑपरेशन आहे."

"आणि भट्टी तुझ्यावर?"

"विझलीय का?"

मालकानं वाकून जाळ पाहिला, डबा पाहिला, बोट बुडवून वास घेतला. काढण्यासारखी चूक सापडली नाही म्हणून त्याचं तोंड आणखीच आंबट झालं. "मला हे आधी विचारायला हवं होतं तुम्ही," एवढं तो म्हणतोय तोच खडकावर डबा खणखणला.

वावटळीच्या हातात जाळ सारायचं दाताळं होतं आणि जाळ ऐन रंगात. आता सोडलं तर जाळ बसणार, नाही सोडलं तर फोन वाजायचा थांबणार. तिनं दाताळं मालकाच्या हातात दिलं.

"धरा. थोडं थोडं सारा. हौदाकडे लक्ष ठेवा."

तो काही म्हणायच्या आत ती खडकाच्या निम्म्यात होती. मालक इतका गोंधळला होता की त्यानं खरंच दाताळं धरलं.

वर पोचेपर्यंत श्वास उरला नव्हता. फोनवर वहिनी नव्हती, दादा होता. आधी नुसता त्याचा श्वास ऐकू आला.

"दादा? बोल ना. दादा."

"सुटला गं."

"काय?"

"हात. सुटला. सर्जनबाईंनी बोलावून सांगितलं. खांद्याच्या रेषेत आलाय, बाजूला असा. मी बघितला. फळी लावून बांधलाय, पांढरा, एवढा मोठा." तो थांबला. "माझं रक्त घेतलं थोडं. आणि मला खुर्ची दिली त्यांनी. मी उभा होतो, तर एक मुलगी आली आणि आपणहून खुर्ची दिली."

वावटळ खडकावर बसली. अशी कामाच्या मधेच तिला कुणी कधी बसलेलं पाहिलं नसेल. पोटातून हसू येत होतं, आणि समोर सगळा मळा कापून मोकळा पडलेला, वाऱ्यात धुरळा उडत होता.

"शुद्धीवर आली का?"

"आली. पहिलं काय म्हणाली माहितेय? मांडी मोजून घ्या म्हणाली."

ती खाली उतरली तेव्हा भट्टीचं तोंड लालबुंद झालं होतं. मालकानं सगळा जोर लावून जळण आत सारलं होतं. हौदातून वाफा निघत होत्या. त्याच्या शर्टावर काजळी, कपाळावर काजळी, रुमाल कुठं गेला पत्ता नाही.

"अहो, भाकरी भाजायचीय का तेल काढायचंय?" ती धावत जाऊन हौदात थंड पाणी सोडायला लागली. "बाहेर ओढा ते. ओढा, ओढा, निम्मं बाहेर."

मालकानं मुकाट्यानं निम्मा जाळ बाहेर ओढला. नळीतून पुन्हा ठिबकायला लागलं तेव्हा दोघंही वाकून बघत होते.

"पोरगी?" त्यानं विचारलं.

"हात सुटला तिचा."

मालकानं मान डोलावली. मग शर्टाकडे बघून म्हणाला, "मी हे धरलं होतं ते कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण उद्या आलात तर बूट काढून या. गवत तुडवायला पाय लागतील."

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. पण दोन गडी जास्तीचे पाठवले, आणि ढीग काळे पडायच्या आत संपले.

भट्टी थंड झाली आणि वावटळ त्याच दूधगाडीनं शहरात गेली. सर्जनबाईंच्या फेरीचा तो शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पट्टी सोडणार होते. बसवलेली कातडी धरली की नाही ते तेव्हाच कळतं, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. धरली नाही तर सगळं पहिल्यापासून. गाडीत ती दूधवाल्याशी एक शब्दही बोलली नाही. तो दोनदा वळून बघत राहिला, ही आजारी तर नाही ना म्हणून.

खाटेवर मुंगी एका अंगानं टेकून बसली होती. उजवा हात फळीवर बाजूला पसरलेला, पंखासारखा. वहिनी उशाशी. दादा पायथ्याशी खुर्चीवर, पाठ ताठ. सर्जनबाई पट्टीवर पाणी घालून एकेक थर उलगडत होत्या. मुंगीनं ओठ घट्ट मिटले होते. शेवटचा थर चिकटलेला होता. बाई थांबल्या, आणखी पाणी घातलं, थांबल्या. मग अलगद उचलला.

खाली गुलाबी होतं. ओलं, चमकणारं, नव्या पानासारखं.

"धरली," सर्जनबाई म्हणाल्या. "सगळी धरली. कुठंही सुटलेली नाही."

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. बाई पुढचं सांगत होत्या, फळी बरेच महिने लागेल, रोज तेल लावून हात ताणायचा, रडली तरी ताणायचा, कंटाळा केलात तर कातडी पुन्हा आवळेल. दादा खुर्चीच्या टोकावर येऊन एकेक शब्द ऐकत होता. रडली तरी, असं त्यानं परत म्हणून घेतलं.

पट्टी नव्यानं बांधून बाई गेल्या. मुंगीला तहान लागली. वहिनीनं तिला पाणी पाजून पेला खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला. मुंगी आत्याला मांडीची पट्टी दाखवायला वळली आणि तिचा उजवा हात फळीसकट टेबलावरून फिरला. पेला ठणठण करत फरशीवर गेला, पाणी सगळीकडे.

शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले. मुंगी त्या पेल्याकडे आणि मग आपल्या हाताकडे बघत राहिली. दोन वर्षांत तो हात तिच्या अंगापासून इतका लांब कधी गेलाच नव्हता. तो कुठपर्यंत पोचतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"मी पाडलं?" तिनं विचारलं.

दादा खुर्चीतून उठला. पेला उचलला, सदऱ्याला पुसला, तांब्यातून पाणी भरलं, आणि होता त्याच जागी, टेबलाच्या त्याच कडेला परत ठेवला.

"पुन्हा पाड," तो म्हणाला.